मुक्त पतन : वेगाचा आलेख ठीक येतो, त्वरणाचा मात्र नुसता गोंधळ

काटकोन
मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघी पडणाऱ्या गोळीची गती मोजतोय. स्टीलची गोळी, बोटांच्या चिमटीतून सोडायची, मागे भिंतीवर मोजपट्टी चिकटवलेली, उंची साधारण एक मीटर, समोर स्टँडवर फोन, स्लो मोशन २४० फ्रेमवर. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत गोळी पट्टीवर कुठे दिसते ते वहीत उतरवलं आणि सगळं स्प्रेडशीटमध्ये भरलं.

अंतर-वेळ आलेख अगदी पुस्तकातल्यासारखा वळलेला आला. मग लागोपाठच्या दोन अंतरांची वजाबाकी करून वेग काढला, तो आलेख थोडा थरथरतो पण सरळ वर चढतो. आणि मग वेगांची वजाबाकी करून त्वरण काढलं तर कुठे +१५०, कुठे −१२०, पुढच्याच फ्रेमला ६०! आम्हाला ९.८ वर एक आडवी रेघ हवी होती. शिवाय अंतर आणि वेळेचा वर्ग असा आलेख काढून त्याच्या चढावरून ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढला तर ९.२ येतो.

प्रश्न दोन. जास्त फ्रेमचा, म्हणजे ४८० किंवा ९६० चा कॅमेरा मिळवावा का? आणि ९.२ का येतोय?

उगाचच
−१२० म्हणजे ती गोळी मध्येच वर जायचा विचार करत होती. विचारा तिला :)

पाचवाकोपरा
सरळ आहे, ९६० फ्रेमचा फोन कुणाकडून तरी मागून घ्या. जितक्या जास्त फ्रेम तितकं मोजमाप बारीक. २४० मध्ये गोळी पळताना पुसट पण दिसत असणार.

ठिपका
पाचवाकोपरा, इथे गणित बरोब्बर उलटं आहे. ९६० घेतले तर त्वरणाचा आलेख आणखी बिघडेल.

काटकोन, हा हिशोब मुलीला हाताने करू द्या. २४० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये १/२४० सेकंद. मुक्त पतनात प्रत्येक फ्रेमला गोळी आधीच्या फ्रेमपेक्षा किती *जास्त* सरकते? जी गुणिले त्या वेळेचा वर्ग, म्हणजे ९.८ भागिले ५७६००, म्हणजे जेमतेम ०.१७ मिलीमीटर. तुम्ही त्वरण काढताना नेमकी ही ०.१७ मिलीमीटरची वाढ शोधताय. आणि पट्टीवरून गोळीची जागा वाचताना चूक किती होते? खूप जपून केलं तरी १ मिलीमीटर. जे शोधायचंय ते चुकीच्या सहाव्या हिश्श्याएवढं आहे, मग आलेखात चूकच दिसणार, जी दिसणार नाही. १ मिलीमीटरच्या चुकीचं दोन वेळा वजाबाकी केल्यावर त्वरणात साधारण १४० मी/से² होतं. तुमचे +१५० आणि −१२० तिथून आलेत. फोन उत्तम आहे.

९६० फ्रेम घेतले तर ती वाढ ०.०१ मिलीमीटर होईल. पट्टी तीच, डोळा तोच.

नवी_वही
मग वेगाचा आलेख बरा कसा आला? तोही वजाबाकीच आहे की.

ठिपका
एकच वजाबाकी आहे म्हणून. एक मीटर पडल्यावर वेग साधारण ४.४ मी/से, म्हणजे एका फ्रेमला गोळी १८ मिलीमीटर सरकते. १८ मध्ये एक-दीड मिलीमीटर इकडे तिकडे झालं तर आलेख थरथरतो पण दिशा सोडत नाही. सुरुवातीच्या फ्रेम बघा, तिथे गोळी एकेक दोनदोन मिलीमीटरच सरकत असते, तिथे वेगाचा आलेखही खराब असणार.

काटकोन
हो!! सुरुवातीच्या आठ-दहा बिंदूंमध्ये वेग वरखाली होतोय, एका ठिकाणी तर शून्यच आलाय. पण मग त्वरण काढायचंच नाही का? प्रकल्पात तीनही आलेख हवेत असं सांगितलंय.

रात्रप्रवासी
आमच्या वेळी प्रयोगशाळेत टिकर टाइमर असायचा. कागदाची लांब पट्टी वजनाला चिकटवायची, वजन सोडायचं, पट्टी यंत्राखालून सर्रकन ओढली जायची आणि कार्बनच्या चकतीतून तिच्यावर ठिपके उमटायचे. विजेच्या ५० हर्ट्झवर चालायचा, म्हणजे दर ०.०२ सेकंदाला एक ठिपका. पहिले ठिपके एकमेकांवर चढलेले काळे गिचमिड, मग हळूहळू सुटे होत लांब लांब जाणारे.

त्यात एक गोष्ट फार सुंदर होती. दर दोन ठिपक्यांनंतर पट्टी कात्रीने कापायची आणि ते तुकडे क्रमाने शेजारी शेजारी उभे चिकटवायचे. झाला वेग-वेळ आलेख, गणित न करता. तुकड्याची उंची म्हणजे ०.०४ सेकंदात कापलेलं अंतर, म्हणजेच वेग. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा साधारण दीड सेंटीमीटरने लांब, आणि सगळ्यांची टोकं जोडली की सरळ रेघ. तो कागद हातात धरला की त्वरण म्हणजे काय ते बोटांना कळतं. आता व्हिडिओमुळे हे गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

फक्त जी कमी यायचा, कारण पट्टी यंत्रात घासायची.

ठिपका
रात्रप्रवासींच्या पोस्टमध्येच काटकोन यांचं उत्तर आहे. वेळेचा टप्पा मोठा घ्या. दर आठवी फ्रेम घेतलीत तर टप्पा १/३० सेकंद आणि दर टप्प्याला वाढ जवळपास ११ मिलीमीटर. १ मिलीमीटरची चूक असूनही त्वरण साधारण ८ ते १२ मध्ये खेळेल. तीनही आलेख द्यायचे तर असे द्या. अंतर-वेळ सगळ्या फ्रेमचा, वेग आणि त्वरण दर आठव्या फ्रेमचे.

आणि वेग नेहमी टप्प्याच्या *मध्या*वर मांडा. दोन वेळांमधला सरासरी वेग हा स्थिर त्वरणात मधल्या क्षणाचा खरा वेग असतो. टप्प्याच्या शेवटी मांडला तर चढ बदलत नाही पण अख्खी रेघ बाजूला सरकते, आणि मुलं मग सुरुवातीला वेग शून्य का नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

मोजपट्टी
९.२ बद्दल मला दोन गोष्टी विचारायच्यात.
शून्य वेळ कुठून धरली? आणि अंतर विरुद्ध वेळेचा वर्ग ह्या आलेखात ट्रेंडलाइन शून्यातून जाईल अशी सक्ती केली होती का?

काटकोन
बोटं उघडायला लागलेली पहिली फ्रेम शून्य धरली. आणि हो, रेघ शून्यातून जायला हवी असं पुस्तकात होतं म्हणून तो पर्याय निवडला.

मोजपट्टी
मग ९.२ येणारच. बोटं उघडायला लागणं आणि गोळी सुटणं यात काही फ्रेम जातात. समजा गोळी पाच-सहा फ्रेम उशिरा सुटली, म्हणजे ०.०२ सेकंदाच्या आसपास. पूर्ण पतनाला ०.४५ सेकंद लागतात, त्यात ०.०२ म्हणजे पाच टक्के, आणि वेळेचा *वर्ग* होतो म्हणून जवळजवळ दहा टक्के. शिवाय तुम्ही रेघेला शून्यातून जायला भाग पाडलंत, त्यामुळे आलेखाला आपली तक्रार सांगायची सोयच उरली नाही. सक्ती काढली असती तर बिंदूंना किंचित बाक आहे आणि रेघ अक्षाला शून्याखाली छेदते हे दिसलं असतं. मुक्त सोडलेल्या रेघेचा छेद कुठे जातो हे पाहणं म्हणजे अर्धा प्रयोग.

वेळेचा वर्ग विसरा. सरळ अंतर-वेळ आलेखाला दुसऱ्या घाताची बहुपदी ट्रेंडलाइन लावा, सगळ्या फ्रेम घेऊन. समीकरणात वेळेच्या वर्गाचा जो सहगुणक येईल त्याची दुप्पट म्हणजे जी. शून्य वेळ कुठलीही धरा, सुरुवातीचा वेग आणि सुरुवातीची जागा ती बहुपदी स्वतःच शोधते. फक्त एक करा, गोळी बोटांपासून नक्की सुटलेली दिसते तिथून *पुढच्याच* फ्रेम घ्या. आधीच्या काढून टाका.

जाता जाता, बहुपदी नको असेल तर अंतर भागिले वेळ हे वेळेसमोर मांडा. सुटल्यानंतरच्या कुठल्याही फ्रेमपासून वेळ आणि अंतर दोन्ही मोजायला लागा, सरळ रेघ येते, चढ म्हणजे अर्धा जी आणि छेद म्हणजे त्या फ्रेमला गोळीचा वेग. मला हा आलेख सगळ्यात आवडतो, एका रेघेत दोन उत्तरं. पहिले काही बिंदू मात्र डगमगतात, कारण तिथे छोट्या अंतराला छोट्या वेळेने भागतो.

लोलक
एवढा खटाटोप कशाला? दोऱ्याला वजन बांधा, एक मीटर लांबी घ्या, ५० आंदोलनांचा वेळ मोजा. एक आंदोलन साधारण २ सेकंदांचं. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद चुकलात तरी १०० सेकंदांत ते काहीच नाही. पडणाऱ्या गोळीपेक्षा जी कितीतरी चांगला मिळतो.

रात्रप्रवासी
लोलक, तुमचं नाव बघून हेच लिहाल असं वाटलंच होतं :) पण प्रकल्प जीची किंमत काढायचा नाहीये, *गती* मोजायचा आहे. लोलकातून जी मिळेल, पण वस्तू पडताना काय करते ते त्यात कुठे दिसतं?

लोलक
मान्य. पण मग ९.८ आलं नाही म्हणून रडू नये एवढंच माझं म्हणणं.

नवी_वही
गॅलिलिओने तर फोनही नव्हता तेव्हा केलं. मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले आणि दोन्ही एकदम पडले.

अर्धांतर
मनोऱ्याची गोष्ट त्याच्या शिष्याने, विवियानीने लिहिलेल्या चरित्रातून आली, गॅलिलिओने स्वतः त्या प्रयोगाचं वर्णन कुठे केलेलं नाही. त्याने स्वतः सविस्तर लिहिलाय तो उताराचा प्रयोग, १६३८ च्या पुस्तकात. सरळ पडणारी वस्तू मोजता येण्याइतकी वेळच देत नाही, म्हणून त्याने गोळा गुळगुळीत खाचेतून हलक्या उतारावर सोडला, म्हणजे तीच गती पण संथ केली. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू द्यायचं आणि जमलेल्या पाण्याचं वजन करायचं. सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढतात हे तिथलं. काटकोन, हे तुमच्या दर आठव्या फ्रेमच्या आकड्यांत दिसतं का ते बघायला सांगा मुलीला. अगदी थांबलेल्या अवस्थेपासून सुरुवात नसेल तर १, ३, ५ येणार नाही, पण वाढ मात्र प्रत्येक वेळी सारखीच असेल.

सरळ पतन मोजण्यात मला रिच्चिओली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाचं फार कौतुक वाटतं. बोलोन्याच्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकून लोलकाच्या ठोक्यांवर वेळ मोजली आणि १६५१ मध्ये छापलं. लोलक आनंदी होतील.

लोलक
झालो.

भिंगरी
फोनच टाकला तर? म्हणजे गादीवर हो. आत त्वरणमापक असतो ना, तो आलेख थेट काढून देईल.

ठिपका
करून बघाच, पण आलेख वाचताना सांभाळा. टेबलावर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो आणि पडणारा फोन *शून्य* दाखवतो. तो सेन्सर आत टांगलेल्या छोट्या वस्तुमानाला बसणारा ताण मोजतो, आणि मुक्त पतनात फोन आणि ते वस्तुमान दोघंही बरोबरच पडतात. म्हणून आलेखात ९.८ ची सपाट रेघ, मग शून्यावरची खोल खाच, मग गादीवर आपटल्याचा सुळका. खाचेची रुंदी म्हणजे पतनाचा वेळ. रुंदी आणि उंचीवरून जी निघतो. फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, त्यात हे सगळं दिसतं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉचही आहे, पहिल्या टक् ला सुरू, दुसऱ्या टक् ला बंद.

भिंगरी
आणि फोन वर फेकला तर अगदी वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तिथे त्वरण शून्य होईल ना?

पाचवाकोपरा
हो, तिथे शून्यच असतं. वेग शून्य म्हणजे त्वरण शून्य.

मोजपट्टी
नाही!! वेग शून्य *आहे* आणि वेग *बदलत नाही* या दोन वेगळ्या गोष्टी. वर फेकलेल्या चेंडूचा वेग-वेळ आलेख काढा, ती एकच अखंड तिरपी रेघ असते, वरून खाली येत शून्याला ओलांडून पलीकडे जाते. ओलांडताना रेघेचा चढ बदलत नाही. त्वरण शून्य असतं तर चेंडू वरच टांगून राहिला असता. आणि फोनचा सेन्सर हात सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत पूर्ण वेळ शून्यच दाखवेल, वर जाताना, टोकाला, खाली येताना, सगळीकडे.

पाचवाकोपरा
हां, रेघ शून्याला *ओलांडते* हे पटलं. टांगून राहिला असता, हे विसरणार नाही.

नवी_वही
याच्याच जोडीला, अंतर-वेळ आलेख वळलेला दिसतो म्हणून मुलांना वाटतं चेंडू वळून पडला. आमच्या वर्गात निम्मी मुलं असंच सांगायची. आडवा अक्ष वेळेचा आहे हे बोट ठेवून सांगावं लागतं.

काटकोन
मोजपट्टी, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. बोटं हलल्यापासून गोळी सुटेपर्यंत खरंच पाच-सहा फ्रेम गेल्यात, त्या काढल्या, बहुपदी लावली, सक्ती काढली. बिंदू रेघेवर इतके चपखल बसलेत की मुलगी खूश. पण जी आता १०.४ येतोय! आधी कमी होता, आता जास्त.

उगाचच
दोन्हींची सरासरी ९.८, द्या जमा करून.

ठिपका
उगाचच, ते खरंच ९.८ येतं पण कृपया असं करू नका :)

मोजपट्टी
छान, म्हणजे दुसरी गडबड आता उघडी पडली. आधी एकीने दुसरीला झाकलं होतं. बिंदू रेघेवर चपखल बसताहेत म्हणजे वेळ आणि वाचन ठीक आहे. सगळं एकाच पटीत फुगलंय, म्हणजे संशय मोजपट्टीवर. पट्टी भिंतीवर आहे ना? गोळी भिंतीपासून किती पुढे पडते आणि फोन भिंतीपासून किती लांब आहे?

काटकोन
फोन भिंतीपासून २ मीटर. गोळी हात लांब करून सोडतो, भिंतीपासून १२ सेंटीमीटर असेल.

मोजपट्टी
सापडलं. गोळी फोनच्या जवळ, पट्टी लांब. फोनमधून गोळीच्या कडेने पाहिलेली रेषा मागे भिंतीवर टेकते तेव्हा पसरलेली असते, म्हणून गोळी खरोखर ९४ सेंटीमीटर पडली तर पट्टीवर १०० वाचलं जातं. गोळीचं अंतर १.८८ मीटर, पट्टीचं २ मीटर, गुणोत्तर ०.९४. आता १०.४ ला ०.९४ ने गुणा.

काटकोन
९.७८!!! मुलगी घरभर नाचतेय.

मोजपट्टी
शाब्बास. पण गुणून मोकळं होऊ नका, पट्टी गोळीच्या प्रतलात आणून परत चित्रण करा, म्हणजे गोळी पट्टीच्या कडेला लागून, भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर पडेल. फोन शक्य तितका मागे न्या. आणि चिमटीऐवजी गोळी दोऱ्याने टांगा आणि दोरा कापा, सुटण्याचा क्षण स्पष्ट दिसतो.

ठिपका
सुरुवातीच्या प्रश्नाला धरून एक सांगायचं राहिलं. दर फ्रेमला १ मिलीमीटरची चूक असलेले शंभरेक बिंदू बहुपदीत घातले तर जीमधली चूक ०.०१ च्या आसपास येते. तेच आकडे, दोनदा वजाबाकी केली तर १४०, एकत्र बसवले तर ०.०१. म्हणून आता तुमची खरी मर्यादा कॅमेऱ्यात नाही, फ्रेममध्ये नाही, पट्टी कुठे आहे त्यात आहे. दोन मीटरमध्ये एक सेंटीमीटर चुकलात तर जी ०.०५ ने हलतो.

बहुपदी लावल्यावर प्रत्येक बिंदू रेघेपासून किती वर-खाली आहे त्याचा वेगळा आलेख नक्की काढा. नुसतं शिंपडल्यासारखं दिसलं तर छान. त्यात बाक दिसला तर काहीतरी अजून लपलंय.

अर्धांतर
जगात जी सर्वात बारकाईने मोजतात तीही पद्धत हीच आहे. निरपेक्ष गुरुत्वमापकात निर्वात नळीत एक आरसा साधारण २० सेंटीमीटर खाली पडू देतात, लेसरच्या प्रकाशात उमटणाऱ्या काळ्या-उजळ पट्ट्या मोजून त्याची जागा आणि अणुघड्याळाने वेळ, शेकडो जोड्या. मग काय करतात? बहुपदी बसवतात, सुरुवातीची जागा आणि सुरुवातीचा वेग अज्ञात धरून. काटकोन यांच्या मुलीने आज जे केलं तेच.

आणि उत्तर सगळीकडे सारखं नसतं, विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. ९.८०६६५ हा आकडा १९०१ मध्ये ठरवून घेतलेला प्रमाण आकडा आहे. तेव्हा ९.७८ ला चूक म्हणायच्या आधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं.

रात्रप्रवासी
आणि पिसाचं काय? १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम टेकले. त्या चित्रणातून चंद्राचा जी मोजता येतो का?

ठिपका
ढोबळ येतो. तिथे १.६ च्या आसपास, म्हणजे दीडेक मीटर पडायला जवळजवळ १.४ सेकंद. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणातही चाळीसेक फ्रेम मिळतात. अडचण परत तीच, पट्टी नाही. स्कॉटच्या उंचीवरून अंदाज करावा लागतो.

काटकोन
मुलीचा पुढचा प्रश्न, टेबल टेनिसचा चेंडू टाकला तर आलेखात फरक दिसेल का? हवेमुळे?

ठिपका
दिसेल, आणि फार छान दिसेल. तो चेंडू २.७ ग्रॅमचा, व्यास ४० मिलीमीटर, त्याचा अंतिम वेगच, म्हणजे हवेच्या रोधामुळे ज्याच्या पुढे वेग वाढतच नाही तो, सेकंदाला ९ मीटरच्या आसपास. दोन मीटर पडल्यावर स्टीलची गोळी ६.३ ला पोचते तेव्हा हा ५.५ च्या जवळ असेल, आणि तिथे त्याचं त्वरण ९.८ नाही तर ६ च्या घरात उतरलेलं असेल. वेग-वेळ आलेख खाली झुकताना डोळ्यांना दिसेल. इथे दुसऱ्या घाताची बहुपदी चालणार नाही, वर सांगितलेल्या फरकाच्या आलेखात स्पष्ट बाक येईल, आणि तो बाक म्हणजेच हवा.

नवी_वही
कागदाचे शंकू पण करा. एकसारखे शंकू एकात एक घालून टाकायचे, चारांचा गठ्ठा एकट्या शंकूच्या दुप्पट वेगाने खाली येतो, कारण रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ते इतके हळू पडतात की साध्या व्हिडिओतही अंतर-वेळ आलेख सरळ रेघ होताना दिसतो.

मोजपट्टी
चेंडूसाठी एक मीटर पुरणार नाही, दोन मीटर उंची घ्या. गोळी आणि चेंडू एकाच चित्रणात सोडा, दोन्ही पट्टीपासून सारख्याच अंतरावर, आणि दोन्हींच्या मध्यबिंदूची जागा वाचा, खालच्या कडेची नाही. आकडे इथे टाका, आम्हीही बसवून बघतो.